टेबल नंबर एकवरची कोंबडी

लातूर
९ मार्च २००३

प्रिय तय्यब,

फोन करणार होतो, पण तू फोनवर नुसतं हां हां म्हणतोस आणि मग स्वतःच्या मनाचं करतोस. म्हणून लिहून देतो.

बबिताचं लग्न ११ मे, रविवारी, इथंच लातूरला. मुलगा डॉक्टर आहे, उदगीरचा. त्याच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं, तिकडं मोठं प्रस्थ आहे. आता आपली इभ्रत जेवणावरून ठरणार. पंगत नको, व्याह्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. ताट हातात घेऊन उभ्यानं जेवणं तर मला भिकेचं वाटतं. म्हणून गोल टेबलं, एकेका टेबलाला आठ खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीसमोर पाहुण्याच्या नावाचं कार्ड. हे मी हैदराबादला एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात पाहिलं. तिथं कागदाचे हंस केले होते आणि हंसाच्या पंखावर नाव. मला ते पटलं नाही. आपला आणि हंसाचा काय संबंध?

मग मला सुचलं. आपण क्लासवाले, आपली ओळख परीक्षेची आहे. अख्खा महाराष्ट्र आज पोरं लातूरला पाठवतो ते कशासाठी? तेव्हा कार्ड हॉल तिकिटासारखं हवं. वर 'विवाह परीक्षा, मे २००३', मग पाहुण्याचं नाव, मग बैठक क्रमांक, आणि खाली केंद्रसंचालक म्हणून माझी सही. लोक वर्षभर आठवण काढतील.

तीस टेबलं, दोनशे चाळीस कार्डं. इथं गल्लोगल्ली कॉम्प्युटरवाले झालेत, पण नांदेडच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुझ्यासारखं अक्षर मी पाहिलेलं नाही. तू आणि शकिलाभाभी टेबल चौदावर आहात. मागाहून यादी पाठवतो.

तुझा
रामकिशन


नांदेड
१५ मार्च २००३

रामकिशन सर,

सर म्हणायला हवं, कारण पत्राच्या कागदावर वर तुमचा फोटो छापलेला आहे.

तुझं पत्र शकिलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हे लग्न आहे का बोर्ड? मी मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालो हे तुला ठाऊक आहे, दोन्ही वेळा तूच निकाल बघायला आला होतास. हॉल तिकीट दिसलं की आजही मी ताटावरून उठेन, आणि तू ते जेवायच्या टेबलावर ठेवायला सांगतोस. अरे, माणूस ताटावर बसला की त्याला वाटलं पाहिजे, इथं आपली वाट बघत होते. तुझं कार्ड बघून वाटेल, आता कुणीतरी येऊन खिसे तपासणार.

म्हणून मी तीन नमुने केले आहेत. एक, कुंभाराकडचं बोटभर बोळकं. त्यावर पांढऱ्या रंगानं नाव, आत बडीशेप. दुसरं, विड्याच्या पानाच्या घडीसारखं कार्ड. माहूरला देवीला तांबूल देतात त्यावरून सुचलं. तिसरं, वाळल्या केळीच्या पानाची पट्टी, पण त्यावर शाई फुटते, ते सोडून दे. तिन्ही पार्सलनं पाठवतोय. निवड आणि कळव. हॉल तिकीट मी करणार नाही असं म्हणत नाही. पण माझ्या हाताला लाज वाटेल असं म्हणतो.

तुझा
तय्यब


लातूर
२३ मार्च २००३

प्रिय तय्यब,

नमुने मिळाले. बोळकं बबिताला आवडलं. मला नाही. आप्पासाहेब म्हणतील, सरांनी कुंभारवाडा मांडला. विड्याचं पान बघून पानटपरी आठवते. हॉल तिकीटच करायचं. तू कलाकार आहेस, कलाकारानं एकदा तरी ऐकावं.

सोबत यादी आहे. ती मी क्लासच्या शिस्तीनं लावली आहे. आमच्याकडं चाचणीत ज्याचे गुण जास्त तो पुढच्या बाकावर, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. टेबल एक ते तीन डॉक्टर. चार ते आठ अधिकारी आणि प्राचार्य. पुढं इंजिनिअर, वकील, माझे बोर्डात आलेले विद्यार्थी, मग पालक. डॉक्टरांच्या नावापुढं पदवी पूर्ण लिहायची, एकाचीही सुटता कामा नये. पहिल्या आठ टेबलांना सोनेरी शाई.

टेबल सव्वीस ते तीस कोरेवाडीची माणसं आहेत. त्या चाळीस कार्डांवर नाव नको. नुसतं 'इतर' लिही. काळ्या शाईनं चालेल.

एप्रिलच्या मध्यापर्यंत हातात पडली पाहिजेत. सुट्टीतल्या बॅचला सातशे मुलं आहेत, मला श्वास घ्यायला वेळ नाही.

रामकिशन


नांदेड
२९ मार्च २००३

रामकिशन,

यादी मी तीनदा वाचली. मग चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली.

दोनशे माणसं नावानिशी आहेत. एका डॉक्टरच्या पुढं चार पदव्या आहेत, त्या कार्डावर मावणार नाहीत. आणि शेवटी तुझं स्वतःचं गाव, चाळीस माणसं, एक शब्द. तो शब्द मी लिहिणार नाही. माझ्या दुकानात तो शब्द लिहिण्याइतकी शाई नाही असं समज.

तू विसरला असशील तर आठवण देतो. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तुला शोधत मी कोरेवाडीला आलो तो महिनाभर राहिलो. हातात ब्रश आणि रंगाचा डबा होता, कारण मला दुसरं काही येत नाही. दिवाळीच्या सुमाराला पत्र्याची शेडं उभी राहिली, तेव्हा साहेब म्हणाले, पेंटर आहेस ना, मग दारांवर नंबर टाक. मी एकपासून टाकत निघालो. सतराव्या शेडच्या दारात तुझी आक्का बसली होती. नवरा गेला होता, दोन्ही पोरं गेली होती. दगडांखालून तिची एक कोंबडी तेवढी जिवंत निघाली होती, ती मांडीवर. मला म्हणाली, "नंबर कालपोतर मेलेल्यास्नी घालत होते. आमाला कामून घालतूस?"

नाव लिहू का म्हटलं तर म्हणाली, वाचणार कोण? शेडं सगळी सारखी. म्हातारी माणसं दुसऱ्याच्या शेडात शिरून रडत बसायची. तेव्हा मी नंबर पुसले आणि प्रत्येक दारावर एकेक चित्र काढलं. आक्काच्या दारावर तांबडी कोंबडी काढली. साहेब माझ्यावर ओरडले, मी ऐकलं नाही. सरकारच्या साहेबाचं ऐकलं नाही, तुझं ऐकेन?

आणि यादीत आक्काचं नाव कुठं आहे? मी प्रत्येक टेबल बघितलं. शहाण्णव साली पक्की घरं मिळाली तेव्हा तिनं शेडचे पत्रे कुणाच्या क्लासवर घातले? पहिल्या बॅचच्या तीस पोरांना भाकरी कुणी थापून घातल्या? आज तुझी तीन मजली इमारत झाली तर ती इतर झाली. तिचं नाव टेबल एकवर, सोनेरी शाईनं, आणि बाकीच्या एकोणचाळीस जणांची नावं मला कळव. नाहीतर तुझी यादी परत ने.

तय्यब


लातूर
६ एप्रिल २००३

तय्यब,

तुझं पत्र खिशात घेऊन वर्गावर गेलो आणि फळ्यावर साधी बेरीज चुकलो. पोरं हसली. शिकवायला लागल्यापासून असं झालं नव्हतं.

मी आक्काला विसरलो असं तुला वाटतं. पहिल्या यादीत पहिलं नाव तिचंच होतं. टेबल एक, खुर्ची एक. फेब्रुवारीत मी स्वतः गावी जाऊन तिला सांगितलं, टेबलावर तुझं नाव लिहून ठेवणार आहे. ती नाही म्हणाली. म्हणाली, "म्या मांडवाच्या मागं आचाऱ्यापाशी बसते, मला खुर्चीवर घास उतरत न्हाई." मी हात जोडले. ती उठली आणि गोवऱ्या थापायला गेली. ती नाही म्हणाली म्हटल्यावर सगळं गाव नाही म्हणालं, तिच्या शब्दाबाहेर तिथं कोण आहे? ती माझ्यावर रुसली आहे आणि कशावरून ते सांगत नाही. तीन वर्षं झाली, क्लासच्या सत्काराला येत नाही. गाडी पाठवली तर गाडी रिकामी परत येते.

मग मी काय करायचं? रिकाम्या खुर्चीपुढं तिचं नाव ठेवून व्याह्यांना दाखवायचं? तरी पाच टेबलं राखून ठेवली, आयत्या वेळी बसलेच तर बसतील म्हणून. त्याची तुझ्याकडून ही शाबासकी.

पत्र्यांचं म्हणशील तर ते मी विसरलेलो नाही. प्रत्येक गोष्ट स्टेजवरून सांगायची नसते. आणि तू रे कोण विचारणारा? दुकानदार सांगतो ते तू रंगवतोस. 'येथे शुद्ध तूप मिळेल' लिहिताना कधी तूप चाखून पाहिलंस?

यादी परत पाठव. कार्डं मी इथं कॉम्प्युटरवर छापून घेतो.

रामकिशन


लातूर
१३ एप्रिल २००३

तय्यबचाचा,

बाबांच्या टेबलावर तुमचं पत्र उघडं पडलं होतं. मी वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला माहीत आहे, पण पुन्हा पडलेलं दिसलं तर पुन्हा वाचेन.

आज मी पत्रिका द्यायला कोरेवाडीला गेले होते. आत्यानं पत्रिका हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. उलटी धरली होती. मी सरळ करून दिली नाही, माझी हिंमत झाली नाही. मग मीच विचारलं, आत्या, टेबलावर का बसत नाहीस? आधी तेच म्हणाली, घास उतरत नाही. मी म्हटलं, आमच्या घरी यायचीस तेव्हा खुर्चीवर बसून चहा बशीभर प्यायचीस, तो बरा उतरायचा. तेव्हा कुठं बोलली.

"टेबलावर नाव लिहून ठिवणार मनं तुझा बाप. मग त्यातलं माझं कोणतं, हे मला कोण सांगंल? कुणाला इचारू? डाक्टरच्या बायकूला?"

चाचा, तीन वर्षांपूर्वीच्या सत्काराला ती आली होती. पहिल्या रांगेत जाऊन बसली, भावाचा कार्यक्रम म्हणून. खुर्च्यांच्या पाठीला नावाचे कागद चिकटवले होते. एक बाई आल्या, म्हणाल्या, ही माझी खुर्ची आहे, नाव दिसत नाही का? आत्या उठून शेजारच्या खुर्चीवर बसली. तिथूनही उठवलं. तिसऱ्यांदा उठवल्यावर ती बाहेर गेली आणि चपला काढतात तिथं बसून राहिली. बाबांनी स्टेजवरून तिला बाहेर जाताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, तिला आत गरम होतंय. त्यांनी बाहेर पंखा पाठवला.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. म्हणते, "लोकांची पोरं शिकवतो अन् बहिणीला नाव दिसंना, असं झालं तर त्याची इज्जत काय ऱ्हाईल?" म्हणजे बाबांना वाटतं ती रुसली आहे, आणि ती इकडं त्यांची इज्जत सांभाळत बसली आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हेच आहे. कुणी कबूल करत नाही.

मला बाबांचा राग आला आहेच. पण तुमचाही आला आहे. महिनाभर तुम्ही दोघं भांडताय, नाव लिहायचं का नाही, सोनेरी का काळं. तिला नाव वाचता येत नाही हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. बाबा गुणपत्रिकांच्या ढिगात असतात, त्यांचं एक सोडा. पण तिच्या दारावर कोंबडी ज्यांनी काढली, त्यांच्याही नाही? टेबल एकवर सोनेरी शाईनं नाव, म्हणजे सगळ्यांत चकचकीत ठिकाणी तिला पुन्हा उठवायचं.

आता माझं ऐका. लग्न माझं आहे. चाळीस कार्डं तुम्ही करायची, नावासकट आणि चित्रासकट. शेडांच्या दारांवरची चित्रं आत्याला दहा वर्षांनी अजून पाठ आहेत. तिनं सांगितली, मी उतरवून घेतली, यादी सोबत आहे. बसवंतकाकांचा तराजू, धोंडप्पांचा कंदील, गोधड्या शिवणाऱ्या नागम्माची सुई. सांगताना ती दोनदा हसली. बाबांना यातलं काही कळवू नका. लग्नाच्या दिवशी बघतील तेव्हा बघतील.

तुमची
बबिता


नांदेड
१७ एप्रिल २००३

रामकिशन,

तुझ्या मुलीचं पत्र सोबत जोडतो. तुला सांगू नको म्हणून तिनं बजावलं होतं. मी तिचा शब्द मोडतोय आणि त्याबद्दल ती मला जे बोलेल ते ऐकून घेईन. पण हे तुला लग्नाच्या मांडवात कळलं असतं, तर तू चारचौघांत हसून साजरं केलं असतंस. मला ते तुला एकटा असताना कळायला हवं होतं. दार लावून वाच.

वाचलंस?

आता ऐक. तुझ्यावर ओरडायला मी हे पत्र लिहायला घेतलं आणि अर्ध्यात माझाच राग जास्त यायला लागला. माणसाच्या दारावर चित्र काढावं लागलं ते कशापायी, हे मी तुला चार ओळींत ऐटीत लिहून पाठवलं, आणि पाचव्या ओळीत म्हणालो, तिचं नाव सोनेरी शाईनं हवं. इतकं माझं डोकं. गणितात नापास झालो ते उगाच नाही. तुपाचंही तू बरोबर बोललास. चाळीस वर्षं मी अक्षरं वळणदार काढतोय, पण ती कुणाला वाचता येत नसतील हे मनात आणलं नाही.

तू निदान पंखा पाठवलास. मी तर तिथं नव्हतोच.

चाळीस कार्डं मी करतोय. जाड पुठ्ठा, वर चित्र, खाली नाव, सगळी एकाच रंगात. बाकीची तू कॉम्प्युटरवर छाप नाहीतर दगडावर कोरून घे, मला देणंघेणं नाही. ही चाळीस कोणत्या टेबलांवर ठेवायची ते तू ठरव. एवढी एकच गोष्ट मी तुझ्या हातात ठेवतो, आणि तेवढ्यावरून मला कळेल, मी कुणाशी मैत्री केली होती.

शकिला जिन्यावरून पडली. पायाला सहा आठवड्यांचं प्लास्टर आहे. आम्हाला लग्नाला येता येणार नाही. टेबल चौदावर दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, तिथं कुणी पदवीधर बसव.

तय्यब


लातूर
३० एप्रिल २००३

तय्यब,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की वर्गाची वेळ व्हायची. म्हणजे मीच ती काढायचो.

दार लावून वाचलं. मग गच्चीवर गेलो. टाकीच्या मागं ते पत्रे अजून रचून ठेवलेले आहेत, भंगारवाल्याला द्यायचे राहून गेले होते. एकेक उलटा केला. दाराचा पत्रा तळाला होता. तांबडा रंग उडालाय, पण तुरा ओळखू येतो. हा पत्रा पहिल्या खोलीत फळ्याच्या बरोबर वर होता. पोरं विचारायची, सर, वर कोंबडी कशाला? मी म्हणायचो, वर बघू नका, फळ्याकडं बघा. दरवर्षी नव्या बॅचला हेच सांगितलं. मी स्वतःही कधी वर बघितलं नाही.

तिला लिहायला-वाचायला शिकवलं नाही याची शरम आहे. पण त्याहून मला तो पंखा सोसत नाही. ती उठली, बाहेर गेली, मी बघितलं, आणि मला वाटलं आपण बहिणीची किती काळजी घेतो. मी त्या दिवशी भाषणात कष्टकरी माणसांवर बोललो होतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

राग मात्र गेलेला नाही, तो तुझ्यावरही आहे आणि बबितावरही. माझ्या घरातली गोष्ट मला नांदेडच्या शिक्क्यानं कळावी, हे मी विसरणार नाही.

आता कामाचं. हॉल तिकिटं छापून आली आहेत, ती मांडवाच्या दारातच पाहुण्यांच्या हातात देणार आहे. ती मी बदलणार नाही. मी निवडलीत आणि मला ती अजूनही आवडतात, तुला हसायचं तर हस. पण त्यांचे टेबल क्रमांक सहापासून सुरू होतात. एक ते पाच कोरेवाडीची. छापणाऱ्यानं दोनदा विचारलं, सर, चूक तर नाही ना. आप्पासाहेबांना सहा नंबर आला आहे. त्यांना काही म्हणायचं असेल तर मला म्हणतील.

काल गावी जाऊन आक्काला एवढंच सांगितलं, तुझी कोंबडी टेबलावर ठेवलेली असेल, तिथं बस. मग म्हणाली, शिजवलेली का? मी म्हटलं, चित्रातली. येते म्हणाली नाही, पण गोवऱ्या थापायलाही उठली नाही.

टेबल एकला मी नववी खुर्ची लावतोय, माझ्यासाठी, तिच्या शेजारी. मलाही एक कार्ड पाठव. चित्र काय काढायचं ते तू ठरव. नांदेड-लातूर गाडीच्या कंडक्टरकडं दे, मी स्टँडवर माणूस पाठवतो. नको, मीच येतो.

रामकिशन


कोरेवाडी
२२ मे २००३

(चाचा, मी माहेरी आले होते तेव्हा आत्यानं गावी बोलावून घेतलं आणि समोर बसवून हे सांगितलं. ती बोलली तसंच लिहिलं आहे. एकही शब्द सुधारायचा नाही अशी तंबी आहे. बबिता)

तय्यब बाबा,

शकिलाचा पाय कसा हाय? हळदीचा लेप घाल मनावं. डाक्टर काय बी सांगू दे.

तू आला न्हाईस, मनून तुला सांगायचं ऱ्हाईलं. म्या गेले. नवं लुगडं नेसून गेले. मांडवात शिरले तर लोकच लोक. डाक्टर मनू नका, साहेब मनू नका, हातात ते तिकीट घेऊन हिंडून राहिले, अन् एकमेकाला इचारून राहिले, तुमचा नंबर कुठं, माझा कुठं. एका बाईला तर रडू आलं. तिचं टेबल मिळंना अन् नवरा भलतीकडंच जाऊन जेवाया लागला.

आमची माणसं मातर सटासट बसली. बसवंता तराजूवर, धोंडप्पा कंदिलावर. नागम्माला दिसत न्हाई नीट, तरी सुई वळखली तिनं. पुढल्या टेबलांवर हाव आमी, हे कुणाच्या ध्यानातच न्हाई आधी. बसल्यावर मागं वळून बघितलं तवा कळलं.

मला माझी कोंबडी लांबूनच दिसली. पण तुला एक सांगायचं हाय. माझी कोंबडी तांबडी न्हवती, कबरी होती. शेडाच्या दारावर बी तू तांबडीच काढली होतीस. तवा म्या बोलले न्हाई, लोकांची दुःखं मोठी होती. आता बोलते. धा वर्सं तू तेच चुकून राहिलास. इतका मोठा पेंटर मनवून घेतूस अन् कोंबडीचा रंग बघत न्हाईस?

माझ्या शेजारच्या खुर्चीपुढल्या कार्डावर तू पंखा काढला होतास. रामकिशननं तो बघितला अन् तोंड फिरवलं. मग मनला, आक्का, मी वाढून येतो. अन् वाढाया गेला तो येईनाच.

तेवढ्यात व्याही आले. आप्पासाहेब. त्येंचा चष्मा गाडीत ऱ्हायला होता. तिकीट लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. मग माझ्यापाशी येऊन मनले, बाई, एवढं वाचून सांगा, माझं टेबल कुठलं? सगळं टेबल माझ्याकडं बघाया लागलं. नागम्मानं तर मान खाली घातली.

म्या मनले, मला वाचता येत न्हाई. ही खुर्ची मोकळी हाय, बसा.

बसले की. पंख्यापुढं बसून पोटभर जेवले, दोनदा वरण मागून घेतलं. रामकिशन बुंदीचं ताट घेऊन आला तर त्याची खुर्ची गेलेली. उठवाया लागला त्येस्नी. म्या हात धरला त्याचा. मनले, जेवत्या माणसाला उठवू नको बाबा, लई लागतं ते. मग तो माझ्या मागंच उभा ऱ्हायला. डोळे पुसून राहिला होता, अन् व्याह्यांना सांगत होता, धूर लागला मनून. धूर मांडवाच्या पार मागं होता.

कार्ड म्या घरी आणलंय, देव्हाऱ्यात ठिवलंय. चित्राच्या खाली माझं नाव हाय मनती बबिता. असंल. पुढल्या टायमाला कोंबडी कबरी काढ.

त्या दिवशी म्या कुणाला काय बी इचारलं न्हाई. मलाच इचारलं.

आक्का